पिठाच्या डब्यावरची पट्टी

माझ्या नणंदेची सारी नोकरी हॉस्पिटलच्या निर्जंतुकीकरण खोलीत झाली. ऑपरेशनची हत्यारं कापडात गुंडाळायची, वर खास चिकटपट्टी लावायची आणि वाफेच्या यंत्रात ठेवायची. पुरेशी वाफ लागून पट्टीवरच्या रेघा काळ्या झाल्या नाहीत, तर सर्जन कितीही ओरडोत, वन्सं गठ्ठा बाहेर सोडत नसत.

निवृत्तीनंतर तीच पट्टी घरच्या पिठाच्या डब्यावर आली. त्यांना सारखे जुलाब होत, अंगावरचे कपडे ढगळ झाले होते, आणि संशय होता सुनेवर.

"वहिनी, ती माझ्या ताटात काहीतरी कालवते. आज पट्टीचा कोपरा उचललेला होता."

"अहो, पीठ काढल्याशिवाय स्वयंपाक कसा व्हायचा?"

"तुम्ही तिच्याच बाजूच्या!"

सुनेने ऐकलंच. "मामी, मी विष घालते म्हणे! आम्ही दोघं वेगळी खोली बघतो." तिने बॅग भरायला घेतली. वन्संचा मुलगा भिंतीकडे बघत राहिला.

मी वन्संना ओढतच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. औषधं विचारल्यावर पर्समधून अँटिबायोटिकच्या पट्ट्याच निघाल्या. हॉस्पिटलच्या ओळखीवर आणलेल्या.

"पोटात जरा गुडगुडलं की एक घेते. जंतू नकोत."

"बाई, आतडं म्हणजे तुमचा हत्यारांचा ट्रे नव्हे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्याच्या अस्तराला पेशींचा एकच थर असतो. त्यावर बुळबुळीत लेप, पाठीमागे पहारेकरी पेशी. चांगले जंतू तिथे ठाण मांडून वाईटांना जागा देत नाहीत. पहारेकऱ्यांना आपलं-परकं ओळखायला तेच शिकवतात. या गोळ्यांनी तुम्ही घरचेच हाकललेत, लेपही पातळ केलात. मग चोरांना रान मोकळं!"

"म्हणजे जंतू मी पोसायचे?"

"जन्मभर पोसताच आहात."

"शी!"

परतताना वन्सं कोपऱ्यावर थांबल्या. हळूच म्हणाल्या, "वहिनी, या बाई सुनेच्या ओळखीच्या तर नाहीत ना?"

घरी बॅग दाराशी तयार होती. वन्संनी ती पाहिली. पर्स उघडून त्यांनी गोळ्या सुनेसमोर टेबलावर ठेवल्या आणि डॉक्टरीणबाईंचं म्हणणं तुटक शब्दांत सांगितलं. चुकले वगैरे काही म्हणाल्या नाहीत.

सुनेने गोळ्या एका डब्यात टाकल्या आणि झाकणावर वन्संचीच पट्टी लावली. "आता हा कोणी उघडला, तर मला कळेल, आई."

सुनेने वाढलेलं ताट वन्संनी पुढे ओढलं. "हात धुतलेस?"

"धुतले."

"साबणाने?"

"साबणाने."

त्यांनी घास वास घेऊन तोंडात घातला. मुलाने बॅग उचलून आत नेली.