पद्मिनीबाईंचा ओटा

नागपूरला धाकट्या बहिणीकडे राहून, डोळ्याचं ऑपरेशन करून पद्मिनीबाई लांजेवार रायपूरला परतल्या, आणि चौबे कॉलोनीतल्या घराच्या उंबऱ्यात उभ्या राहून त्यांना पहिल्यांदा वाटलं की डॉक्टरने डोळा बिघडवला.

हॉलच्या भिंती शेणाने सारवल्यासारख्या दिसत होत्या. हात लावून पाहिला, तर ते शेण नव्हतं. शेणाच्या रंगाचा महागडा गिलावा होता, त्यात भुशाच्या काड्या मुद्दाम खोचलेल्या. सोफा गेला होता आणि त्याच्या जागी दोरीच्या दोन खाटा आल्या होत्या. एका भिंतीवर लहानमोठी सुपं ठोकली होती, दुसऱ्या भिंतीला बैलगाडीचं अख्खं चाक. छतातून उलटी मडकी लोंबत होती. प्रत्येक मडक्याला भोक, आणि आत पिवळा बल्ब.

"काहून बे निरंजन," हातातली बॅग खाली न ठेवताच त्या म्हणाल्या, "भोक पाडलेलं मडकं आपल्यात कधी आणतात, मालूम हाय ना तुले? इतकी टांगून ठेवली, कोणाकोणाले पोचवाचं हाय?"

"आई, लॅम्प आहेत ते," मुलगा म्हणाला. "फार्महाऊस स्टाइल म्हणतात याले. रस्टिक."

"हाऊस तर दिसून राहिलं. फार्म कुठं हाय?"

निरंजनचं दुखणं नेमकं तिथेच होतं. नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, आणि ज्या लोकांना आयुष्यभर कोणी विचारलं नव्हतं ते रातोरात साहेब झाले. मंत्रालय नव्या रायपूरला गेल्यावर तर विचारूच नका. निरंजनच्या सेक्शनमधल्या दोघातिघांनी आरंगच्या बाजूला जमिनी घेतल्या, कुंपणं घातली, आत एक खोली बांधली आणि शनिवार-रविवार तिथे जाऊन मच्छर मारत बसायला लागले. सोमवारी ऑफिसच्या बसमध्ये त्यांच्या तोंडी एकच भाषा: अपना फार्महाऊस. निरंजनला जमीन घेणं जमलं नाही. मग त्याने राहतं घरच गावठी करायला काढलं. माणसाला मळा नसला की तो भिंतीवर सुपं ठोकतो.

पद्मिनीबाईंनी हॉल गिळला. हॉलमध्ये बसतात पाहुणे. बसोत बापडे खाटेवर, ढेकूण चावले तर त्यांना चावतील. पण संध्याकाळी त्या चहा करायला आत गेल्या आणि तिथेच थांबल्या. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मातीची चूल घातलेली होती. वरची खिडकी विटांनी बुजवून तिची देवळी केली होती आणि तिच्यात कंदील ठेवला होता.

"आणि हा ओटा?" त्यांनी विचारलं.

त्यांची सून मीनल बँकेतून नुकतीच आली होती. उंच, सडसडीत, मूळची बिलासपूरची बाई, कमी बोलणारी. ती पर्स खुंटीला अडकवत म्हणाली, "सोमवारी हिरालाल मिस्त्री येणार आहे फोडायला. मग सगळं खालीच. पाट, उखळ, जमिनीवर शेगडी. बसून स्वयंपाक."

"कोण बसणार?"

"तेच मी यांना विचारलं. म्हणाले, घर माझ्या नावावर आहे."

ते खरं होतं. नवरा गेल्यावर पद्मिनीबाईंनी घर मुलाच्या नावावर करून दिलं होतं. शहाण्या बायाही कधीकधी असली कामं करतात.

या ओट्याचं काय एवढं, असं कोणाला वाटेल. ज्याला वाटेल त्याने जन्मात कधी चुलीपुढे बसून चार माणसांचं रांधलेलं नसणार. पद्मिनीबाईंचं माहेर तुमसरजवळच्या एका खेड्यातलं. त्यांची आई पहाटेपासून चुलीपुढे असायची. धगीसमोर बसून बसून तिच्या नडग्यांवर काळ्या डागांची जाळी उमटली होती, मासोळीच्या जाळ्यासारखी. धुणं धुताना लुगडं वर खोचलं की ती जाळी दिसायची, आणि लहानगी पद्मिनी विचारायची, आई, हे केव्हा जाईल? आई म्हणायची, सरणावर.

पद्मिनी मॅट्रिक झाली, बी. ए. झाली, रायपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागली. रेल्वेच्या माल ऑफिसातल्या रामकृष्ण लांजेवारांशी लग्न झालं. चौबे कॉलोनीत दोन खोल्या बांधायला घेतल्या तेव्हा तिने एकच हट्ट धरला: स्वयंपाकघरात उभ्याचा ओटा. दुपारची ड्यूटी करून यायचं, हेडफोनने कान सुन्न झालेले, आणि पुन्हा खाली बसून फुंकणी फुंकायची? मी उभी राहून रांधेन.

सासू शांताबाईंनी घर डोक्यावर घेतलं. "उभ्यानं रांधते ते काय सून हाय? ते हॉटेलवाली! उभ्याचं अन्न पितरांले पोचत नाही." ओट्यावरचं त्यांनी खाल्लं नाही. मागच्या अंगणात त्यांनी स्वतःची चूल मांडली आणि स्वतःपुरतं वेगळं रांधू लागल्या. रामकृष्णराव दोन्हीकडे जेवायचे, आधी आईचं बसून, मग बायकोचं. भांडणात त्यांच्या वाट्याला फक्त ढेरी आली. सासूने हेका सोडला तो थंडीत एकदा गुडघे धरले तेव्हा. एका सकाळी ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "इथून चहा करता येते का पाहू." त्यानंतर अंगणातली चूल कोणी पेटवली नाही.

अशी त्या ओट्याची कमाई. आणि आता बापाच्या ढेरीवर गेलेला हा पोट्टा तो फोडायला निघाला होता.

दुसऱ्या दिवशी डिझायनर आला. दाढी कोरलेली, पायात कोल्हापुरी, हातात तीन मोबाइल. पद्मिनीबाईंनी त्याला खाटेवर बसवलं आणि आपण खुर्ची आणून समोर बसल्या.

"आंटी," तो लाडाने म्हणाला, "आजकल सब लोग अपनी जड़ों की तरफ लौट रहे हैं।"

"जड़ें जमीन के नीचे रहती हैं, बेटा. आदमी ऊपर रहता है. तुम्हारी मम्मी बैठके खाना बनाती है?"

"नहीं, मम्मी का तो मॉड्यूलर किचन है।"

"तो हमारा ओटा काहे को फोड़ रहा है? जा, पहले मम्मी का फोड़के आ."

तो हसला. निरंजनही हसला, आणि त्या हसण्याने पद्मिनीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हातारी गमतीशीर बोलते असं ते हसणं होतं.

"आई, तू समजून नाही घेऊन राहिली," निरंजन म्हणाला. "मले आजीची आठवण येते. दिवाळीत गावाले जायचो, तुझी आई चुलीपाशी बसायची, गरम भाकर ताटात टाकायची. ते प्रेम, तो वास... ते या घरात पाहिजे मले."

"तू ताटापाशी बसत होता, निरंजन. चुलीपाशी नव्हता. वास तुले आला, धूर तिले गेला."

"हेच, हेच. सगळ्यात तू वाईटच पाहते." मग त्याने आवाज मऊ केला. मोठा बेत सांगायचा असला की तो असाच मऊ व्हायचा. "बरं ऐक. रविवारी साहेब येऊन राहिले जेवायले, मिसेस घेऊन. घर पाहायचं म्हणतात. तू ना, नऊवारी नेसून चुलीपाशी बस. चार भाकरी थाप. त्यांच्या मिसेस फोटो काढतील. काय मस्त दिसेल!"

जन्मात पद्मिनीबाईंनी नऊवारी नेसली नव्हती. एक्स्चेंजमध्ये सगळी नोकरी वॉयलच्या गोल साडीत गेली होती, खांद्यावर पिन लावून. मुलाला हवी होती ती बाई त्या नव्हत्याच. चाक झालं, सुपं झाली, मडकी झाली. आता एक म्हातारी कमी पडत होती.

"मले सामानात धरलं का तू?" त्या म्हणाल्या.

"आई, असं काय..."

"असंच. आता माझं ऐक. रविवारी भाकरी चुलीवरच होतील. खाली बसून, साहेबाच्या समोर. पण तू थापशील. तुले आठवण येते ना? मग तुझ्याच हातानं. पंगतीले पुरल्या, तर सोमवारी हिरालालच्या हातात हातोडा मी देते. नाही पुरल्या, तर माझ्या ओट्याले हात लावाचा नाही."

"त्यात काय!" निरंजन म्हणाला. "मोबाइलवर पाहून घेतो. आजकाल सब मिलता है।"

दारात उभी असलेली मीनल तेवढ्यापुरती हसली आणि आत गेली.

रविवारी साहेब आले. बेमेतऱ्याकडचा धिप्पाड माणूस, मनाने साधा. नव्या राजधानीने मोठा केलेला, पण पायातली चप्पल अजून दाराबाहेर काढणारा. मिसेसनी मडक्यांचे फोटो काढले, चाकाजवळ उभं राहून स्वतःचा काढला. निरंजन नवा कुर्ता घालून चुलीपुढे मांडी घालून बसला आणि लाकडं पेटवली.

लाकडं डिझायनरने दिली होती. सारख्या मापाची, चूल चांगली दिसावी म्हणून रचलेली, आणि चकाकावीत म्हणून वॉर्निश मारलेली. ती पेटली तेव्हा जो धूर निघाला तो कुठल्याही खेड्यातल्या चुलीने कधी काढला नसेल. पिवळा, चिकट, नाकात सुईसारखा जाणारा. जायला वाट नव्हती. खिडकीत कंदील बसला होता. इकडे निरंजनने ज्वारीचं पीठ थंड पाण्यात भिजवलं होतं. पहिली भाकर उचलताना तुटली, दुसरी तव्यावर पडता पडता चुलीत गेली, तिसरीचं नाव भाकर ठेवायला धीर लागला असता.

पद्मिनीबाई हॉलमध्ये खुर्चीवर बसून साहेबांच्या मिसेसना मोतीबिंदूचं सांगत होत्या. उठल्या नाहीत. आतून खोकला आला, उठल्या नाहीत. मिसेसच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. साहेब तेवढे उभे राहिले. "चलव, बाहिर बइठबो," म्हणत त्यांनी एक खाट उचलली आणि अंगणात नेऊन टाकली.

मग निरंजन बाहेर आला. डोळे लाल, कुर्त्यावर राख, बोटं भाजलेली.

"आई, ओट्यावर करून दे ना. लोक उपाशी बसले आहेत."

"तो ओटा उद्या फुटणार हाय. मरणाऱ्याकडून काय काम करून घेते?"

"आई, आता नको ना!"

"आताच. लाव हिरालालले फोन."

त्याने लावला. "भैया, कल ओटा नहीं तोड़ना है... हाँ. नहीं, बिलकुल नहीं..."

"मोठ्यानं बोल," पद्मिनीबाई म्हणाल्या. "हिरालालच्या बीरगावाले ऐकू गेलं पाहिजे."

त्याने ओरडून सांगितलं. अंगणातल्या साहेबांनीही ऐकलं. पद्मिनीबाई पदर खोचून आत गेल्या. जिंकल्याचा आनंद बिनंद काही नव्हता. अंगात अजून राग सळसळत होता, आणि तो कशावर तरी काढायचा म्हणून त्या भाकरीच करणार होत्या.

पण गॅस आधीच पेटलेला होता. मीनलने दारं उघडली होती, चुलीवर पाणी ओतलं होतं, गरम पाण्यात नवं पीठ भिजवलं होतं, आणि ती ओट्यापाशी भाकरी थापत होती. थापताना ती कमरेतून पार वाकली होती. दर भाकरीनंतर एक हात मागे कमरेवर जायचा, मग पुन्हा पिठात.

पद्मिनीबाई पाहत राहिल्या. त्या स्वतः बुटक्या. ओटा त्यांनी आपल्या कोपराच्या मापाने बांधून घेतला होता. मीनल त्यांच्याहून वीतभर उंच.

"कंबर दुखते?"

"दुखते."

"केव्हापासून?"

"लग्न झालं तेव्हापासून."

"तोंड नव्हतं का तुले?"

मीनलने भाकर तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. "तुमचा ओटा आहे ना, आई. त्याच्यासाठी तुम्ही केवढं भांडल्या, ते या घरात रोज ऐकायला मिळतं. मी काय बोलणार?"

पद्मिनीबाई आणखीनच चिडल्या. "हो बाजूले," म्हणाल्या, आणि उरलेल्या भाकरी स्वतः थापल्या. मीनल पंगत वाढायला गेली. साहेब अंगणात पोटभर जेवले. चुलीविषयी कोणी काही बोललं नाही.

सोमवारी सकाळी हिरालाल तरीही आलाच, दोन मजूर घेऊन. "माताजी, भैया मना किए हैं, मालूम है," तो म्हणाला. "लेकिन आज का दिन तो हमने आपके यहाँ रखा था।"

"अच्छा किया. पहले वो खिड़की खोल, कंदील निकाल वहाँ से. फिर ओटे पे एक ईंट चढ़ा और ऊपर से नई फर्शी डाल. ऊँचाई बहू से नाप. बहू, इकडे ये! कोपर वाकव. सरळ उभी राहा, बँकेत राहते तशी!"

मीनल वेणी घालता घालता आली आणि ओट्याशी कोपर वाकवून उभी राहिली. हिरालालने पेन्सिलने भिंतीवर खूण केली. ऑफिसच्या बसची वेळ झाली होती. निरंजन टॉवेलने डोकं पुसत दारात आला आणि त्या खुणेकडे पाहत राहिला.

"आई, इतका उंच? मग तू कशी रांधशील?"

"मी नाही रांधत आता. झालं माझं रांधून." त्यांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मीनलची न् तुझी उंची सारखीच हाय, निरंजन. तू पण कोपर वाकवून दाखव त्याले."