पिवळा रंग न येण्याचं कारण

धुळ्याहून फोन आला तेव्हा मी विभागात तोंडी परीक्षा घेत बसलो होतो. तिकडच्या ज्युनिअर कॉलेजचा शिपाई बोलत होता. नाव-गाव काही न सांगता एकदम म्हणाला, "सर, मॅडम गयात." कोण मॅडम, हे विचारावं लागलं नाही. धुळ्यात माझ्या ओळखीच्या मॅडम एकच, संघमित्राबाई. फळ्याकडे वळता वळता खाली बसल्या, मेंदूत रक्तस्राव झाला आणि संध्याकाळ व्हायच्या आत सगळं संपलं. वय अडतीस! समोरच्या मुलाला मी "जा, झालं तुझं" म्हटलं आणि व्हरांड्यात येऊन उभा राहिलो. रडू आलं नाही. भीती वाटली... आता सांगायचं कुणाला, याची. त्याला महिना होऊन गेला.

जळगावच्या आमच्या कॉलेजात त्या नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जीवरसायन शिकवायला आल्या. मूळच्या दीपनगरच्या. वडिलांना सगळे नाना म्हणत; ते तिथल्या वीजकेंद्रात कंट्रोल रूमला होते. बौद्ध घरातली, एवढी शिकलेली पहिलीच मुलगी, नेमणूक राखीव जागेवर. आमच्या स्टाफरूमला तेवढं पुरेसं होतं. "बघू, किती दिवस टिकतात बाई," असं एक गृहस्थ म्हणाले आणि आम्ही हसलो. आम्ही म्हणजे मीसुद्धा, उगाच साळसूदपणा कशाला करू? पण पंधरा दिवसांत त्यांचा हात पाहिला आणि माझं हसू बंद झालं. पिपेटमधून थेंब सोडताना अंगठा हललेला दिसायचा नाही. पंधरा वर्षं मी पोरांना पिपेट धरायला शिकवत होतो, पण असा हात पाहिला नव्हता. "मॅडम, सोनाराकडे शिकलात की काय?" असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "नाही सर. आईला साखरेचा त्रास. शाळेत असल्यापासून तिचं इन्सुलिन मीच भरते. कमी-जास्त झालेलं चालत नाही ना."

पीएच.डी.चा विषयही त्यातूनच आला. आपल्याकडे केळीचा घड कापला की खांब बांधावर फेकून देतात. त्या खांबाचा रस साखरेला चांगला, असं रावेरकडची म्हातारी माणसं सांगतात. ते खरं की नुसतंच बोलणं, हे बाईंना तपासायचं होतं. त्यासाठी माणसाच्या शरीरातलं एक एन्झाइम लागत होतं. इन्सुलिन पेशीच्या दाराशी येऊन साखर आत घ्यायचा निरोप देतं. हे एन्झाइम तो निरोप पुसून टाकतं. त्याला आवर घातला तर साखर आटोक्यात राहील, असा हिशेब. माणसाचा तेवढाच जीन जिवाणूत घालून एका परदेशी प्रयोगशाळेत ते बनवलं होतं, आणि बाईंच्या पुण्याच्या मार्गदर्शकांनी चार ओळखी काढून, हातापाया पडून ते मिळवलं होतं. थर्माकोलच्या खोक्यात बर्फ भरून बाई ते रात्रभर एसटीत मांडीवर घेऊन आल्या. पन्नास इवल्याशा नळ्या! आमच्या डीप फ्रीझरमध्ये त्या ठेवल्या; उष्णता लागली की हे एन्झाइम मरतं. परीक्षा अगदी सोपी होती : एन्झाइम जिवंत असेल तर द्रावण हळदीसारखं पिवळं होणार. पहिल्या दिवशी पिवळं झालं तेव्हा बाईंनी मला हाताला धरून आणून दाखवलं. पुढच्या महिन्यात केळीचा रस घातला आणि पिवळेपणा खरोखरच उतरला. त्या दिवशी त्यांनी सगळ्या विभागाला जिलबी खाऊ घातली.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. कॉलेजला सुट्टी, बाई आईकडे दीपनगरला गेलेल्या आणि नेमकी त्याच आठवड्यात विद्यापीठाची समिती आली. जळगावचा मे महिना, घामाने कागद हाताला चिकटत होते. प्राचार्यांनी फर्मावलं, पाहुण्यांना विभागात कूलर पाहिजे. आमच्याकडे पंधरा अँपियरचा पॉइंट एकच, त्याला फ्रीझर लावलेला. मी प्लग काढला. म्हटलं, तासाभराचा तर प्रश्न आहे. समिती जेवून गेली, मी कूलर बंद केला, कुलूप लावलं आणि शिंदखेड्याची एसटी पकडली. घरी बहीण आखाजीला आली होती, तिच्याच घाईत होतो. दोन दिवसांनी परत येऊन दार उघडलं तर फ्रीझरखाली पाण्याचं थारोळं. मी फरशी पुसली, प्लग लावला. सकाळपर्यंत उरलेल्या चाळीसही नळ्या पुन्हा गोठून पहिल्यासारख्या दिसायला लागल्या. मी सेंद्रिय रसायनाचा माणूस. आमच्या बाटल्यांतली रसायनं वितळतात, पुन्हा गोठतात, कुणाचं काही बिघडत नाही. झालं, निस्तरलं, असं मी स्वतःला समजावलं. विभागप्रमुखपदाची माझी फाइल तेव्हा प्राचार्यांच्या टेबलावर होती, हेही सांगून टाकतो.

बाई आल्या, नळी काढली, प्रयोग लावला. रंग आला नाही. दुसरी नळी, तिसरी नळी. पाणी बदललं, काचसामान पुन्हा उकळून घेतलं, द्रावणं नव्याने केली. पिवळेपणाचा मागमूस नाही. दहाव्या नळीनंतर मला विचारलं, "सर, मी नसताना लाइट गेली होती का?" मी म्हटलं, "नाही." ...खोटं नव्हतं ते. लाइट गेली नव्हतीच. बाईंनी नानांना सांगितलं. नानांनी जळगावच्या सबस्टेशनमधल्या ओळखीच्या माणसाकडे बसून त्या सगळ्या दिवसांची नोंद स्वतः उतरवून आणली. एक मिनिटही वीज बंद नव्हती. तो कागद बाईंनी माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, "म्हणजे माझंच काहीतरी चुकतंय, सर." तेव्हा तरी तोंड उघडायचं! पण मी मूग गिळून बसलो. उरलेल्या तीस नळ्या त्यांनी एकेक करून माझ्या डोळ्यांसमोर संपवल्या.

पुण्याला त्यांनी स्वतःच पत्र लिहिलं, माझ्या अकुशलतेमुळे साहित्य वाया गेलं म्हणून. मार्गदर्शकांनी काम बंद केलं. स्टाफरूममध्ये व्हायचं ते झालं. "मिळतं सगळं यांना, पण हातात असावं लागतं," असं तेच गृहस्थ म्हणाले. बाई दारात होत्या, त्यांनी ऐकलं. वर्षअखेरीला राजीनामा देऊन त्या धुळ्याला गेल्या. मी विभागप्रमुख झालो.

दोन वर्षांपूर्वी बारावीच्या प्रॅक्टिकलला बहिःस्थ परीक्षक म्हणून मी त्यांच्या कॉलेजात गेलो होतो. मुलींची तयारी उत्तम. पण एका मुलीचं ब्युरेट अडलं तर बाई स्वतः पुढे झाल्या नाहीत, दुसरीला म्हणाल्या, "तू बघ गं." मी विचारलं, तुम्ही का नाही? त्या हसल्या. "मी काचेला हात लावत नाही, सर. माझा हात तुम्हाला माहीतच आहे." चहा घेतला... आणि त्याही दिवशी मी न बोलता परत आलो. मला माझी किळस येते.

गेल्या रविवारी दीपनगरला जाऊन नानांना सगळं सांगितलं. ते खुर्चीत ताठ बसून ऐकत होते. आयुष्य कंट्रोल रूममध्ये गेलेला माणूस, पहिला प्रश्न विचारला, "किती वेळ बंद होता?"

"दोन दिवस."

"खोलीत टेंपरेचर?"

"चव्वेचाळीस-पंचेचाळीस."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "नोंदीचा कागद माझ्या अक्षरात होता. बाप लिहून देतोय म्हणजे लाइट गेलीच नाही, असं धरून चालली ती. शेवटपर्यंत." मी हात जोडले. म्हटलं, "नाना, मला माफ करा." त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "माझ्याकडे काय मागता? मी म्हटलं होतं का तिचा हात वाईट आहे? ज्यांच्यासमोरून ती खाली मान घालून निघून गेली, त्यांना सांगा. तुमच्या नावानिशी सांगा."

नाना, सांगतो. हे कॉलेजच्या अंकात देतोय, खाली माझं नाव छापलेलं आहे. त्या आखाजीला फ्रीझरचा प्लग मी काढला, मी विसरलो आणि मी लपवलं. संघमित्राबाईंचा हात चांगला होता.