झरीच्या बांधावरची सिंगल माल्ट

मला गाडीत बसवायला झरीहून जीप भरून माणसं परभणी स्टेशनवर आली होती. गाडीला उशीर होता. धाकटे काका बाकावर पाय हलवत म्हणाले, "दारू गाळायचं शिकायला इतक्या लांब कशाला जायलायस बे? आपल्या ओढ्याकाठी काय कमी मास्तर हायत?" सगळे हसले. माझे वडील, अण्णा, हसले नाहीत. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ. पिऊन आलेल्या माणसाला ते ओसरीवर बसू देत नाहीत. रुळांकडे बघत ते एवढंच म्हणाले, "त्यो जवाचं शिकायलाय."

त्या वाक्याच्या आधारावर मी स्कॉटलंडला आलो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. फूड टेक्नॉलॉजी शिकताना डाळमिलची नोकरी डोळ्यांपुढे होती. स्कॉलरशिपची वाट एका सरांनी दाखवली, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. गावाकडच्या दोस्तांनो, तुमच्यापैकी जे गावीच राहिले त्यांना माझं काम अजून नीट माहीत नाही, आणि जे माझ्यासारखे बाहेर पडले ते विचारत नाहीत. म्हणून सांगतो.

सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणलेल्या जवापासून केलेली व्हिस्की. शिक्षण संपल्यावर मी जिथं नोकरीला लागलो, त्या डिस्टिलरीत अजून जुन्या पद्धतीनं जव भिजवून दगडी फरशीवर पसरतात आणि लाकडी फावड्यानं उलटत राहतात, नाहीतर मुळ्या एकमेकींत गुंततात. पहिल्या दिवशी ती फरशी बघितली आणि मला घर आठवलं. आमच्याकडे खळ्यावरच्या ज्वारीला मोड आले म्हणजे वर्ष गेलं. अवकाळी पावसानंतर अण्णा ओंजळीत कोंब धरून बसलेले मी पाहिलेत, त्या दिवशी घरात कुणी जेवलं नव्हतं. इथं मात्र मोड आले की सुपरवायझर खूश. मीही आता खूश होतो, आणि मग कशावर खूश झालो ते आठवतं.

तो जव पीटच्या, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या, धुरावर सुकवायचा, त्याचा गोड काढा आंबवायचा, तांब्याच्या उंच भांड्यांत दोनदा गाळायचा आणि ओकच्या पिंपात वर्षानुवर्षं ठेवायचा. पिंपातली थोडी दारू दर वर्षी लाकडातून उडून जाते. इथले लोक तिला देवदूतांचा वाटा म्हणतात आणि तिचं दुःख करत नाहीत.

मी पहिल्यांदा भरलेलं पिंप काही वर्षांनी उघडलं तेव्हा त्यातली एक बाटली मला मिळाली. ख्रिसमसच्या सुट्टीत ती घेऊन मी झरीला गेलो. माझ्या हातचं पहिलं काही घरी दाखवावं, इतकंच मनात होतं. आमच्या घरी पहिलं कणीस असो की नव्या गाईचं दूध, आधी देवापुढे जातं. मायनं बाटलीला हळदकुंकू लावलं आणि सरळ देव्हाऱ्यात ठेवली. मी तोंड उघडेपर्यंत अण्णा अंघोळ करून आले. त्यांनी बाटलीकडे बघितलं आणि पूजा केली.

दुसऱ्या दिवशी येळवस होती. त्या अमावास्येला आमच्याकडे सगळं घर शेतात जेवतं. कडब्याच्या कोपीत पाच पांडवांचे दगड मांडतात, आणि मडक्यातली आंबील, ताक आणि ज्वारीच्या पिठाची, शेताभोवती शिंपडतात. आंबील शिंपडून झाल्यावर अण्णांनी पिशवीतून माझी बाटली काढली.

"कोनाला पाजायलाव?" काका म्हणाले.

अण्णा बांधाकडे निघाले. झाकण उघडून, नाकाला धोतराचा सोगा लावून, ते बांधाच्या कडेनं ओतत गेले. ओल्या ज्वारीच्या वासात पीटच्या धुराचा वास मिसळला. रिकामी बाटली त्यांनी मायच्या हातात दिली आणि म्हणाले, "चला, जेवा."

मायनं ती धुऊन त्यात करडईचं तेल भरलं.

अण्णांनी शेताला नैवेद्य दिला, की घरातली घाण बाहेर टाकली? आंबील शिंपडली त्याच बांधावर ओतली, म्हणजे दिलीच असं वाटतं. मग नाकावरचा सोगा आठवतो. मला अजून कळलेलं नाही आणि विचारायचं धाडस नाही. कुणी घर कुठं विचारलं तर मी झरी सांगतो. पण डोळ्यांपुढे ओसरी येत नाही, तो बांध येतो. माझी इतकी वर्षं त्या मातीत मुरली आहेत, आणि ती ठेवून घेतली की फेकली हे त्या मातीलाच ठाऊक.

दर रविवारी फोन लावतो. पाऊसपाणी, गुरंढोरं झाली की अण्णा विचारतात, "तुमच्या तिकडच्या जवाला मोड आले का?"

"आले," मी सांगतो.

"बरं झालं," अण्णा म्हणतात, आणि फोन मायकडे देतात.