काकांची शिडाची दोरी

रोज सकाळी चहाच्या आधी काका बाल्कनीतली कपडे वाळत घालायची दोरी बोटाने छेडायचे आणि म्हणायचे, "सैल पडली." मग ती सोडून पुन्हा बांधायचे. चष्म्याच्या दुकानात चाळीस वर्षं काढलेल्या या माणसाला अर्ध्या मिलिमीटरचा फरकही झोप लागू देत नसे.

त्यांची एक छोटी शिडाची होडी होती. डोलकाठीवर शीड चढवायची दोरी शेंड्याशी, कप्पीवरून वळते तिथे, झिजून केसाळ झाली होती. नवी आणायची, एवढंच काम. त्यात अडीच महिने गेले. शेवटी काकूने निक्षून सांगितलं, "महिनाअखेरपर्यंत शीड वर गेलं नाही, तर होडी दातांच्या डॉक्टरांना देऊन टाकायची. कधीचे मागतायत बिचारे."

तिचंही बरोबर होतं. जेवणाच्या खोलीत दोरीचे सात तुकडे टांगले होते, प्रत्येकाच्या टोकाला पाण्याने भरलेला डबा. कोणती किती लांबते, त्याच्या पेन्सिलीच्या खुणा भिंतीवर. नायलॉन बाद, कारण ते ताणलं जातं आणि भर वाऱ्यात शीड ढिलं पडतं. दहा मिलिमीटरची कप्पीत अडकते. दुकानदार म्हणाला, "काका, आता दोरी राहू द्या, मलाच घरी न्या. टांगून बघा."

महिना संपायला एक दिवस उरला, तेव्हा आठ मिलिमीटरची पॉलिएस्टर ठरली. किती मीटर लागेल ते मोजायला काकांनी जुनी दोरी ओढून काढली. पूर्ण काढली.

ही दोरी पोकळ डोलकाठीच्या आतून वर जाते. म्हणून नवीचं टोक जुनीच्या टोकाला शिवायचं आणि जुनी ओढायची, की तिच्यामागून नवी आत सरकते. धक्क्यावर हे सगळ्यांना शिकवलं होतं काकांनीच.

"अहो, आता दोरी वर कोण नेणार? मी चढू?" काकूने विचारलं.

काका भेंडोळं मांडीवर घेऊन नुसते बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी डोलकाठी आडवी करायची होती. त्याला चार माणसं लागतात, आम्ही तिघं: काका, काकू आणि सुट्टीला आलेली मी. काकूने फोन केला तो थेट दातांच्या डॉक्टरांना.

"माझ्याच पायावर धोंडा पाडून घेतोय, वहिनी," काठी उचलताना डॉक्टर म्हणाले.

"पाडून घ्या. पण तिकडून नीट धरा."

काकूने शिवणाच्या दोऱ्याला नट बांधून तो एका टोकाने उचललेल्या काठीतून घरंगळत सोडला. दोऱ्यामागून सुतळी, सुतळीमागून दोरी. काठी पुन्हा उभी केली. चार वाजता शीड वर गेलं आणि ताठ राहिलं.

मी संध्याकाळी हॉस्टेलवर परतले. पुढच्याच आठवड्यात काका गेले. मी ऐकलेलं त्यांचं शेवटचं बोलणं त्या दुपारचंच.

"राहिली तुमची होडी," काकू म्हणाली होती. "आता तरी समाधान?"

काका मान वर करून शेंड्याकडे बघत होते.

"सहा मिलिमीटरची एकदा बघायला हवी होती."