पिवळ्या पोकलेनची लिंक

समस्त वाचकांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, प्रस्तुत लेखिकेने लातूर आणि नांदेड ही दोन्ही शहरे एका दिवसात, मांडीवर लोखंडाचा तुटका तुकडा घेऊन पालथी घातली. उभे राहून शांतता पाळण्याची गरज नाही. हातात चहा असेल तर मात्र कप खाली ठेवा, कारण त्या दिवशी मी घाबरले तशी लग्नाच्या दिवशीही घाबरले नव्हते.

आमची एक जुनी पोकलेन आहे, माझी आणि धाकट्या दिराची, बालाजीची, भागीदारीत. रणगाड्यासारखी दोन लोखंडी चेनवर चालते. जळकोटच्या पुढे नदीच्या पात्रात गाळ काढताना एका चेनची लिंक (कडी) तुटली, चेन मेल्या सापासारखी वाळूत पसरली आणि मशीन पात्राच्या मधोमध बसली. त्याच संध्याकाळी गावातून भोंग्याची जीप फिरली. वरच्या धरणातून उद्या दिवस मावळताना पाणी सुटणार, पात्रात कुणी थांबू नये.

नुसती मशीन बुडाली असती तर रडून मोकळे झालो असतो. पण केबिनमध्ये आमचे ऑपरेटर खाजाभाई होते, आणि ते उतरायला तयार नव्हते.

"हिच्या जिवावर दोन पोरींची लग्नं केली भाभी. हिला टाकून मी उतरून नै राहिलो. तुम्ही लिंक आणा," असं म्हणून त्यांनी दार आतून लावून घेतलं.

उजाडायच्या आधी बालाजी आणि मी पिकअपमधून निघालो. आमच्याकडे दुकानात जाताना तुटलेला भाग नमुना म्हणून सोबत नेतात. तो जड, तेलकट नमुना पदराखाली घेऊन मी बसले. बालाजीचं ड्रायव्हिंग कसं ते सांगत नाही. अहमदपूर येईपर्यंत मला माहीत असलेले सगळे देव संपले होते. बसस्टँडसमोर सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणीचा नाश्ता) खाल्ली. एरवी मी दुसरी प्लेट मागते. त्या दिवशी पहिलीच अर्धी टाकून उठले.

लातुरात पार्टच्या दुकानात कपाळावर विभूतीचे पट्टे ओढलेले एक आप्पा बसले होते.

"कोणती मशीन?"

"पिवळी," बालाजी छाती काढून म्हणाला, आणि मशीनच्या दांड्यावर ठळक अक्षरात लिहिलेलं एका मोठ्या कंपनीचं नाव त्याने सांगितलं.

आप्पांनी आतून नवी लिंक आणली, आमच्या नमुन्याशेजारी ठेवली. एकीची भोकं दुसरीच्या भोकांपासून चांगली बोटभर सरकलेली. आप्पांनी दोन्ही उलटून पाहिल्या.

"ताई, ही लिंक तुमच्या मशीनची न्हाई. न्हाईतर मशीन तुमची न्हाई."

बालाजीचा चेहरा उतरला. चोरीची मशीन, पोलीस, पेपरात फोटो, त्यात मी या तेलकट साडीत, असा सगळा देखावा माझ्या डोळ्यांपुढून गेला.

"असल्या जुन्या मशिनी नांदेडला भंगारात तोडतेत," आप्पा म्हणाले. "तिकडं बघा. पण कोणत्या कंपनीची हाय ते आधी ठरवा बाबा."

नांदेडच्या वाटेवर ऊन चढलं. नांगरून ठेवलेली काळी रानं तव्यासारखी तापली होती. मी खाजाभाईंना फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. पाणी लवकर सोडलं असेल तर, हा विचार मनात आला आणि जाईना. हाताला काही चाळा हवा म्हणून मी बांगडीतली सेफ्टी पिन काढून लिंकच्या खोबणीत खरवडू लागले. पिवळा रंग सुटला. खाली लाल. लाल सुटला, त्याखाली निळा.

"बालाजी, मशीनवर ते नाव कुणी लिहिलं रे?"

"पेंटरनं."

"त्याला कुणी सांगितलं?"

बालाजीने उगाच गिअर बदलला.

"वहिनी, आपण घेतली तवा लाल होती. कंपनीची पाटी गळून पडल्याली. दसऱ्याला रंग द्यायचाच होता. पिवळीला लोक लई मान देतेत. मग नाव बी लिव्हून घेतलं."

आणि दरवर्षी दसऱ्याला त्याच नावाला हळदकुंकू लावणारी मी. नाव लिहून घेणारा विसरला, पुजणारीने विचारलं नाही, आणि आता नदीत माणूस बसला होता.

नांदेडला भंगाराच्या आवारात मेलेल्या मशिनी ओळीने पडल्या होत्या. दोन कुत्री आमच्याकडे अशी आली की बालाजी माझ्या मागे लपला. मालक सरदारजी होते, मराठी आमच्यापेक्षा झणझणीत.

"कोणती पाहिजे?"

"निळी," बालाजी हळूच म्हणाला.

"नक्की ना? पोरगी बघायला आले अन् घरच चुकले, असं तोंड झालंय तुमचं."

नवरीची पत्रिका घेऊन दारोदार फिरावं तशी मी लिंक घेऊन एकेका चेनपाशी बसले. भोकाला भोक लावायचं, नाही जुळलं की पुढे. चेनी संपत आल्या, सूर्य कलायला लागला. अगदी भिंतीकडच्या सांगाड्याखाली निळ्या खपल्यांची एक चेन होती. तिथे भोकाला भोक बसलं. मी तिथेच मातीत बसून राहिले. सरदारजींनी काही न विचारता पाणी आणून दिलं, लिंक सोडवून दिली, शिवाय ती चेनला जोडायची पिनही दिली.

परतीच्या वाटेवर बालाजीच्या ड्रायव्हिंगची मला पहिल्यांदाच भीती वाटली नाही. नदीकाठी माणसं जमली होती. केबिनमध्ये हालचाल नव्हती. मी चप्पल काठावर टाकून वाळूतून पळत गेले, काचेवर मूठ आपटली.

खाजाभाई घोरत होते. फोनची बॅटरी सकाळीच संपली होती.

गावातली माणसं खाली उतरली. कुणी चेन ओढली, कुणी पहारीने उचलली, खाजाभाईंनी घणाने पिन ठोकली. घणाच्या दोन घावांमध्ये मी नदीच्या वळणाकडे कान लावत होते. मशीन खडखडत काठावर चढली आणि थोड्या वेळाने वळणावरून पाणी आलं, गुपचूप, पुढे फेस आणि रिकाम्या बाटल्या ढकलत. मशीन जिथे बसली होती तो खड्डा आमच्या डोळ्यांदेखत भरला.

खाजाभाई चेनवर हात ठेवून उभे होते. भीतीने माणूस शहाणा होतो असं ऐकलं होतं, आणि तो भरलेला खड्डा बघून मलाही ते पटत आलं होतं. तेवढ्यात माझ्या शेजारी उभा असलेला बालाजी, पहारींनी जागोजागी खरवडलेल्या मशीनकडे बघत, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलून गेला:

"तरी बी वहिनी, हिला पिवळाच शोभतोय."