कंजूष मालकांचं प्रकरण

हायडेलबर्गला मी पीएचडी करत होते तेव्हाची गोष्ट. विषय होता, व्हिक्टोरियन कादंबऱ्यांतले उदार आणि कंजूष मालक. माझे मार्गदर्शक प्रोफेसर हेच माझे बॉस; त्यांच्याच विभागात मी नोकरीला होते. माणूस विद्वान, पण हात फार आखडता. खोली तापवणारं हायत्सुंग दोनच्या आकड्यावर जाऊ द्यायचे नाहीत. स्वतः कोट घालून बसायचे. सकाळी वापरलेली चहाची पिशवी बशीत जपून ठेवून दुपारी पुन्हा वापरायचे.

कंजूष मालकांचं प्रकरण मी जानेवारीत, बोटं गारठलेली असताना, भराभर लिहून काढलं. कोळसा कुलपात ठेवणारे, कारकुनाला कुडकुडत बसवणारे, मेणबत्तीचे तुकडे जमवणारे. आठवड्याने कागद परत आले. एका वाक्याखाली पेन्सिलीची रेघ होती. चहाची पिशवी दोनदा वापरणारा मालक! समासात लिहिलं होतं, ‘कोणती कादंबरी? तेव्हा चहाच्या पिशव्या नव्हत्या.’

मी हादरले. ते वाक्य कधी लिहिलं, मला आठवेचना.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलाशेजारी विजेचा छोटा हीटर. प्रोफेसर दारात उभे.

“घरी पडून होता,” ते म्हणाले.

मी धीर करून विचारलं, “त्या वाक्याचा तुम्हाला राग आला का?”

“राग? आल्झो, म्हणजे असं की, संदर्भ नव्हता, म्हणून खूण केली.”

आणि गेले.

ही माया होती, लाज होती, की माझ्या प्रकरणाला दिलेलं उत्तर? कादंबऱ्यांत सोपं असतं. कंजूष मालकाला एक जबर धक्का बसतो, तो विरघळतो, कारकून रडतो. उदार मालक मदत करतो तेव्हा खोलीभर माणसं बघत असतात. इथे बघायला कोणी नव्हतं, रडलंही कोणी नाही. दोन दिवस मी तो हीटर लावलाच नाही. तिसऱ्या दिवशी ते डोकावले.

“बिघडलाय का?”

“नाही.”

“मग?”

मी बटण दाबलं.

पुढे मी उदार आणि कंजूष अशी दोन्ही प्रकरणं मोडून एकच केलं. ते वाचून प्रोफेसर म्हणाले, “यात उदार कोण, कंजूष कोण, कळत नाही.”

“मलाही,” मी म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि ते तसंच राहू दिलं.

आईला फोनवर हे सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, “अगं, त्यांना थँक यू तरी म्हणालीस का?”

ते राहूनच गेलं होतं.