वाढलेला बीटा

"मॅडम, रश्मी कांबळेचा बीटा बराच वाढलाय."

लॅबचा फोन आला तेव्हा रश्मी माझ्यासमोरच बसली होती. वरळीची बीडीडी चाळ सोडून टॉवरमध्ये राहायला गेल्यापासून सासूबाई लिफ्टला कशा घाबरतात, ते रंगवून सांगत होती. माझा चेहरा बघून तिनं खुर्ची पुढे ओढली.

मी कॅन्सरची डॉक्टर. परळच्या एका हॉस्पिटलमध्ये बायकांचे कॅन्सर बघते. रश्मीला झाला होता तो कोरिओकार्सिनोमा. गर्भाला पोसणाऱ्या वारेच्या पेशींपासून होणारा हा कॅन्सर फार क्वचित दिसतो. गर्भपातानंतर तिचं रक्त जायचं थांबेना, म्हणून ती आली होती. तोवर तो फुप्फुसात पोचला होता. पण हा कॅन्सर केमोला छान दाद देतो. गर्भाशय न काढता रश्मी बरी झाली, आता फक्त तपासणीला यायची. या कॅन्सरच्या पेशी बीटा एचसीजी नावाचं हार्मोन रक्तात सोडतात. ते पुन्हा वाढलं, की कॅन्सर परतल्याची शंका येते.

"परत आला का?" रश्मीनं विचारलं.

"इतक्यात काही सांगता येत नाही. पाळी कधी आली होती?"

"माझी पाळी कधी वेळेवर आलीय, मॅडम?"

मी सरांच्या केबिनमध्ये गेले. सर म्हणजे आमचे हेड.

"आजच सीटी स्कॅन करून घे. केमोची तयारी ठेव," ते म्हणाले.

"सर, आधी सोनोग्राफी करते. दिवस गेले असतील तर?"

गरोदरपणातही हेच हार्मोन वाढतं. घरच्या प्रेग्नन्सी टेस्टमध्ये तेच तर बघतात. आणि पोटात बाळ असेल तर सीटी आणि केमो, दोन्ही नकोत.

सरांनी मान डोलावली. "कर. पण लगेच."

सोनोग्राफीच्या टेबलावर रश्मीनं डोळे गच्च मिटले होते. शिवडीच्या गोडाऊनमधून धावत आलेला तिचा नवरा नितीन दाराशी उभा होता. मी तिच्या पोटावर प्रोब फिरवला. गर्भाशयात एक छोटी पिशवी होती, आणि तिच्यात काहीतरी लुकलुकत होतं. मी आवाज सुरू केला. धडधड, धडधड.

"हे काय वाजतंय?" नितीन घाबरून म्हणाला.

"तुमचं बाळ."

रश्मीनं डोळे उघडले. "मॅडम, चेष्टा करू नका हां!" आणि मग ती इतकी हसायला लागली, की स्क्रीनवरचं चित्र हलायला लागलं. नितीन दारातून टेबलापाशी आला.

सरांना फोन केला. "सीटी कॅन्सल. हार्टबीट आहे." ते म्हणाले, "पेढे कोण आणतंय?"

दिवस भरल्यावर मुलगी झाली. वार आम्ही तपासायला पाठवली, ती स्वच्छ निघाली. बाळंतपणानंतर बीटाही नॉर्मलला आला. बारशाला आमचं अर्धं डिपार्टमेंट गेलं होतं.

आता आमच्या ओपीडीत एक नियम आहे. बीटा वाढला, तर घाबरण्याआधी सोनोग्राफी करायची. घाबरायला नंतरही वेळ मिळतो.